सायकलची घडी

काम झाले की लहान होऊन बसणाऱ्या किती वस्तू तुमच्या घरात आहेत ते जरा मोजून पाहा. छत्री मिटते. खुर्चीची घडी होते आणि ती दाराआड उभी राहते. चष्म्याच्या काड्या दुमडल्या की तो खिशात मावतो. आता जिन्याखाली किंवा अंगणात उभ्या असलेल्या सायकलीकडे वळा. तिचीही अशीच घडी घालता आली तर?

आधी एक लहानसे गणित करू. मोजपट्टी घ्या आणि सायकलीची लांबी, उंची व हँडलाची रुंदी मोजा. मोठ्या माणसांच्या नेहमीच्या सायकलीची लांबी साधारणपणे १८० सेंटिमीटर, उंची १०० सेंटिमीटर आणि रुंदी ५५ सेंटिमीटर भरेल. ती एखाद्या खोक्यात उभी ठेवायची, तर ते खोके ९९० लिटर आकारमानाचे, म्हणजे जवळजवळ एक घनमीटरचे लागेल. आता तिचे वजन २० किलोग्रॅम आहे असे समजा आणि सोयीसाठी ती सगळी पोलादाची आहे असे माना. एक घनसेंटिमीटर पोलादाचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम असते. भागाकार करा. उत्तर येते अवघे अडीच लिटर! टायर, सीट, मुठी हलक्या पदार्थांच्या असल्यामुळे हा आकडा थोडा वाढेल. पण सायकलीतला सारा माल एका पातेल्यात मावेल एवढाच आहे, हे नक्की.

म्हणजे सायकल जी जागा अडवते ती धातूने नव्हे, रिकामेपणाने. चाकांच्या आतली, फ्रेमच्या नळ्यांमधली, हँडलाच्या दोन्ही बाजूंची हवा आपण तिच्याबरोबर वागवत असतो. ही हवा काढून टाकता आली, तर सायकल पिशवीत घालून नेता येईल. मग हे काम सोपे असायला हवे होते. पण ते नीट साधायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. असे का, हे पाहण्यासारखे आहे.

प्रवासाची दोन टोके

सायकल मिटवायचीच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर प्रवासाच्या दोन टोकांत आहे. घरापासून स्टेशन दोन किलोमीटर, मग रेल्वेने तीस किलोमीटर, आणि उतरल्यावर कामाचे ठिकाण पुन्हा दोन किलोमीटर, असा प्रवास असंख्य माणसे रोज करतात. मधले तीस किलोमीटर झपाट्याने सरतात. वेळ मोडतो तो दोन्ही टोकांना. घराकडच्या टोकाला सायकल वापरता येते. पण ती स्टेशनाबाहेरच ठेवावी लागते. पलीकडच्या टोकाला माणूस पुन्हा पायीच!

मुंबईच्या डबेवाल्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला आहे. घरोघरचे डबे सायकलीवरून स्टेशनावर आणणारी माणसे एका टोकाला, आणि ते कचेऱ्यांत पोहोचवणारी माणसे दुसऱ्या टोकाला. दोहोंच्या मध्ये लोकल गाडी. प्रवास डब्याचा होतो; सायकल आपापल्या टोकाला राहते. पण जिथे प्रवास माणसाचाच आहे, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे एक तर दोन टोकांना दोन सायकली हव्यात, नाही तर एकच सायकल गाडीत बरोबर न्यायला हवी. घडीची सायकल जन्माला आली ती या दुसऱ्या मार्गाने.

पहिले प्रयत्न

इंग्लंडमध्ये १८७८ साली विल्यम ग्राउट याने एक ‘सुटसुटीत’ सायकल तयार केली. तो काळ पुढे प्रचंड मोठे चाक आणि मागे चिमुकले चाक असलेल्या सायकलींचा होता. ग्राउटने पुढच्या चाकाचे तुकडे सुटे होतील अशी रचना केली. तुकडे पिशवीत भरून ती नेता येत असे. पण ते सोडायचे आणि पुन्हा जोडायचे, हे बैठकीचे काम होते. गाडी फलाटाला लागली असताना ते करता येणार नव्हते.

पुढे सैन्याला अशा सायकलीची गरज भासली. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या ब्रिटिश कंपनीने हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी घडीची सायकल हजारोंच्या संख्येने बनवली. तिच्या फ्रेममध्ये वर एक आणि खाली एक अशा दोन बिजागऱ्या होत्या. कानाच्या पाळीसारखे पंख असलेल्या दोन चाकी सैल केल्या की सायकल मधोमध दुमडे आणि एक चाक दुसऱ्यावर येई. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा काही सैनिकांजवळ अशा सायकली होत्या.

पण या घडीला एक मर्यादा होती. चाके नेहमीसारखीच मोठी, २६ इंची. फ्रेम दुमडता येते, हँडल वळवता येते. पण चाकाची घडी होत नाही! गाठोडे कितीही घट्ट बांधा, ते चाकापेक्षा लहान होऊच शकत नाही. तेव्हा खरा प्रश्न बिजागरीचा नव्हता, चाकाचा होता. चाकच लहान केले तर?

लहान चाकाची किंमत

लहान चाकाची सायकल म्हणजे पोरांचे खेळणे, असा पुष्कळ वर्षे समज होता. तो अगदीच निराधार नव्हता. चाक लहान केले की तीन गोष्टी हातच्या जातात. त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट वेगाची. नेहमीच्या मोठ्या चाकाचा टायरसकट व्यास सुमारे ७० सेंटिमीटर धरला, तर त्याचा परीघ २.२ मीटर होतो. चाकाचा एक फेरा झाला की सायकल तेवढी पुढे जाते. पायडलजवळच्या दातेरी चक्राला ४४ दाते आणि मागच्या चक्राला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे २.४४ वेळा फिरेल आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे सरकेल. आता १६ इंची चाक घ्या. टायरसकट त्याचा व्यास सुमारे ४२ सेंटिमीटर आणि परीघ १.३ मीटर. दाते तेच ठेवले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जाईल जेमतेम ३.२ मीटर. पाय भराभर फिरताहेत आणि सायकल मात्र रेंगाळते आहे, असे होईल.

यावर उपाय सोपा आहे. दाते बदला! पुढे ५० आणि मागे १३ दाते घेतले, तर मागचे चाक पायडलच्या एका फेऱ्यात ३.८५ वेळा फिरते आणि सायकल ५ मीटर जाते. म्हणजे हरवलेला वेग परत मिळाला. लहान चाकाची सायकल हळूच चालते, असे कोणी म्हणाले तर त्याला हे गणित करून दाखवा. मात्र एक लक्षात ठेवा. पाच किलोमीटर जाताना मोठे चाक सुमारे २,२७० फेरे घेते, तर लहान चाक सुमारे ३,८५०. त्यामुळे लहान चाकाचा टायर लवकर झिजतो.

दुसरी गोष्ट खड्ड्यांची. इथे एक प्रयोग करा. कागदावर एक सरळ रेघ काढा आणि तिच्यात २ सेंटिमीटरची फट ठेवा. हा आपला रस्त्यातला २० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा, दहापट लहान केलेला. आता जाड पुठ्ठ्यातून ३.५ आणि २.१ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे कापा आणि फटीच्या दोन्ही कडांवर टेकवून ठेवा. कोणते वर्तुळ रेघेखाली अधिक उतरले? लहान चाक अधिक उतरते. खऱ्या मापात सांगायचे तर मोठे चाक या खड्ड्यात दीड सेंटिमीटर उतरेल, लहान चाक अडीच सेंटिमीटर. चढणाची गोष्टही तशीच. पाच सेंटिमीटर उंचीची कड हळूहळू चढून जाताना मोठ्या चाकाला त्याच्यावरील भाराच्या सुमारे ६० टक्के जोर आडवा लावावा लागतो. लहान चाकाला तो ८५ टक्के लागतो. म्हणून घडीच्या सायकलीवर बसणाऱ्याने रस्त्यावर नजर अधिक बारीक ठेवायला हवी.

तिसरी गोष्ट टायरची. सायकलीचा आणि तुमचा भार टायरमधली हवा तोलून धरते. मागच्या चाकावर ४२ किलोग्रॅम भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम आहे असे समजा. मग टायर जमिनीला साधारण १४ चौरस सेंटिमीटर टेकेल. दाब ६ केला तर ७ चौरस सेंटिमीटर पुरतील. टायर जितका चपटा होतो, तितके त्याचे रबर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते व सुटते, आणि या दबण्या-सुटण्यात आपली शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लहान चाकात रबराला अधिक तीव्रपणे वाकावे लागते, म्हणून त्याचा टायर कमी दाबावर चालवला तर ती सायकल ओढल्यासारखी जड लागते.

हे कोडे सोडवले ॲलेक्स मोल्टन या इंग्रज अभियंत्याने. ‘मिनी’ या प्रसिद्ध छोट्या मोटारीच्या चाकांना बसवलेल्या रबरी स्प्रिंगा त्यानेच घडवल्या होत्या. १९६२ साली त्याने १६ इंची चाकांची सायकल लोकांपुढे ठेवली. तिचे टायर अरुंद आणि भरपूर दाबाचे होते. असे कडक टायर चालायला हलके, पण बसणाऱ्याला हादरे देणारे. ते हादरे शोषण्यासाठी मोल्टनने पुढे-मागे स्प्रिंगांची योजना केली. एकाने दिलेला त्रास दुसऱ्याने काढून घेतला! पुढे १९८६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे, वारा कापणारे आवरण चढवलेली एक मोल्टन सायकल ताशी ८२ किलोमीटर वेगाने धावली. लहान चाकाला खेळणे म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते?

मोल्टनची ही पहिली सायकल मात्र घडीची नव्हती. चाक लहान करण्याचा प्रश्न सुटला. आता राहिला प्रश्न फ्रेमचा.

मोडलेला त्रिकोण

पुन्हा आपल्या नेहमीच्या सायकलीकडे या. तिच्या फ्रेमच्या नळ्या पाहा. मागच्या बाजूला स्पष्ट त्रिकोण दिसतो, आणि पुढचा चौकोनही हँडलाकडे इतका निमुळता झालेला असतो की तो जवळजवळ त्रिकोणच. हे उगाच नाही. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि कोपरा दाबा. तो सहज कलंडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण करून दाबा. तो हलत नाही. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही. म्हणूनच लोखंडी पुलांत आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण दिसतात.

घडी घालायची तर नेमका हाच त्रिकोण मोडावा लागतो. म्हणून घडीच्या बहुतेक सायकलींत वरची आणि खालची अशा दोन नळ्यांऐवजी एकच जाड नळी असते आणि तिच्या मध्यावर बिजागरी. दोघींचे काम एकटीने करायचे म्हणजे ती ताठ हवी. ताठपणा येतो कशाने? धातू वाढवून येतो हे खरे; पण नळी रुंद करून तो अधिक स्वस्तात येतो. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते आणि वाकण्याला विरोध होतो आठपट! वहीचे दोन सारखे कागद घ्या. एकाची पेन्सिलीएवढी बारीक सुरळी करा, दुसऱ्याची बोटाएवढी जाड. दोन्हींच्या कडा चिकटवा आणि टोके धरून वाकवून पाहा. व्यास आणखी वाढवत नेला तर काय होते, तेही पाहा. कागदाचे थर कमी पडतात आणि सुरळी चेमटते. अभियंत्याला नळीचा व्यास ठरवताना हीच कसरत करावी लागते.

नळीपेक्षाही कठीण काम बिजागरीचे. तुम्ही सीटवर बसता तेव्हा नळी मध्यावर खाली वाकू पाहते. पुढचा ब्रेक दाबता तेव्हा तिला उलट्या दिशेने ताण बसतो. चढावर हँडल ओढून जोर लावता तेव्हा ती पिळवटते. हे सारे रोज हजारो वेळा घडते, आणि ते सगळे एका सांध्याला सोसावे लागते. तो तसूभरही हलता कामा नये. शिवाय हवा तेव्हा हाताने चटकन उघडलाही पाहिजे. घडीच्या सायकलीची सारी परीक्षा या सांध्यापाशी होते.

तीन घड्या

१९७५ च्या सुमारास लंडनमध्ये अँड्र्यू रिची नावाचा तरुण राहत होता. केंब्रिजला अभियांत्रिकी शिकलेला. पण त्या वेळी तो घरोघर कुंड्यांतली रोपे विकत होता. हॅरी बिकर्टन याने बनवलेली ॲल्युमिनियमची घडीची सायकल त्याच्या पाहण्यात आली. ती हलकी होती; पण यापेक्षा चांगली घडी घालता येईल, असे त्याला वाटले. त्याने आपल्या राहत्या खोलीतच नमुने बनवायला सुरुवात केली. खिडकीतून समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे मोठे चर्च दिसे. त्यावरून सायकलीचे नाव पडले ‘ब्रॉम्प्टन’.

रिचीची युक्ती अशी होती. इतरांनी सायकल मधोमध दुमडली. त्याने ती तीन ठिकाणी दुमडली. पहिली घडी मागच्या चाकाची. मागचा त्रिकोण चाकासकट खालून पुढे वळतो आणि मोठ्या नळीच्या खाली येऊन बसतो. दुसरी घडी मोठ्या नळीची. पुढचे चाक बाजूने वळून मागच्या चाकाशेजारी येते. तिसरी घडी हँडलाची. त्याचा उंच दांडा खाली पडतो. शेवटी सीटचा दांडा आत सरकवला की तोच कुलपाचे काम करतो आणि सारे गाठोडे एकत्र धरून ठेवतो. तेलकट साखळी दोन चाकांच्या मध्ये दडते, त्यामुळे शेजारच्या प्रवाशाच्या कपड्यांना डाग पडत नाहीत. मागचा त्रिकोण ज्या सांध्यावर वळतो, त्याच्याजवळच रबराचा एक ठोकळा बसवलेला असतो. तो हादरे शोषतो. एकाच सांध्याकडून दोन कामे!

मुख्य बिजागरीची पकडही पाहण्यासारखी आहे. सांध्याच्या दोन्ही अर्ध्यांच्या कडा उतरत्या असतात आणि त्यांवर बसणारी पट्टीही आतून तशीच उतरती असते. चाकी आवळली की पट्टी पाचरीसारखी आत रुतते आणि दोन्ही अर्ध्या एकमेकींवर दाबते. लाकूड फोडताना पाचर दोन भाग दूर सारते. इथे तीच पाचर त्यांना जवळ आणते.

सायकल तयार झाली, पण ती बनवायला कारखानदार मिळेना. ज्यांना दाखवली त्यांनी नकार दिला. मग रिचीने ओळखीच्या माणसांकडून आगाऊ पैसे घेऊन थोड्या सायकली स्वतःच बनवल्या. भांडवलाअभावी ते कामही मध्ये काही वर्षे थांबले. नीट उत्पादन सुरू झाले ते १९८८ साली, लंडनच्या ब्रेंटफर्ड भागात रेल्वेच्या पुलाच्या एका कमानीखाली. पहिल्या नमुन्यानंतर बारा-तेरा वर्षांनी! २००९ साली ब्रिटनमधील प्रिन्स फिलिप डिझाइनर पारितोषिक रिचीला मिळाले आणि २०२२ साली कारखान्यातून दहा लाखावी सायकल बाहेर पडली.

अशी सायकल मिटल्यावर साधारण ५८.५ सेंटिमीटर लांब, ५६.५ सेंटिमीटर उंच आणि २७ सेंटिमीटर रुंद होते. आपले सुरुवातीचे गणित पुन्हा करा. खोके आता सुमारे ८९ लिटरचे लागेल. ९९० लिटरची सायकल अकरापट लहान झाली. आणि उघडल्यावर? तिच्या दोन चाकांच्या आसांमधले अंतर एक मीटरहून थोडे अधिक, म्हणजे मोठ्या सायकलीइतकेच असते. चाके लहान झाली. बसणाऱ्याची जागा लहान झाली नाही.

घडी घालण्याचा हा एकच मार्ग आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत डेव्हिड हॉन या पदार्थवैज्ञानिकाने १९८२ साली घडीच्या सायकलींची कंपनी काढली. त्याच्या बऱ्याच सायकली मधोमध एकदाच दुमडतात. घडी झटपट होते; गाठोडे मात्र थोडे मोठे राहते. इंग्लंडच्या मार्क सँडर्स याने विद्यार्थिदशेतच ‘स्ट्रायडा’ ही सायकल आखली. ती १९८७ मध्ये बाजारात आली. तिची फ्रेम म्हणजे एक मोठा त्रिकोण. एक कोपरा सोडला की तो छत्रीसारखा मिटतो आणि दोन चाके शेजारी आल्यामुळे सायकल काठीसारखी ढकलत नेता येते.

गाठोडे घेऊन प्रवासाला

आता ही सायकल घेऊन प्रवासाला निघू. लंडनच्या भुयारी रेल्वेत मिटलेली सायकल सामान म्हणून नेता येते. उघड्या मोठ्या सायकलीला मात्र तिथल्या खोल बोगद्यांतील बहुतेक मार्ग बंद आहेत. जपानमध्ये सायकल सुटी करून किंवा मिटवून, पिशवीत घालून रेल्वेने नेण्याची जुनी रीत आहे. तिला ‘रिंको’ म्हणतात. सायकल पिशवीत पूर्ण झाकलेली हवी, तिची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज २५० सेंटिमीटरच्या आत हवी आणि वजन ३० किलोग्रॅमच्या आत हवे, असा जपानी रेल्वेचा नियम आहे.

विमानाचे काय? पुष्कळ विमान कंपन्या सामानासाठी तिन्ही मापांची बेरीज १५८ सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आपल्या गाठोड्याची बेरीज करा. ५८.५ अधिक ५६.५ अधिक २७, म्हणजे १४२. पेटीच्या जाडीसाठी थोडी जागाही उरली! उंचावर गेल्यावर टायर फुटेल का, अशी शंका तुम्हाला येईल. प्रवासी विमानात हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश राखलेला असतो. बाहेरचा दाब पाव वातावरणाने उतरला, तर बाहेरच्यापेक्षा ६ वातावरणे अधिक दाबाने भरलेल्या टायरला फरक जाणवेल तो ६ ऐवजी सव्वासहाचा. चांगल्या टायरला हे काहीच नाही. तरीही विमान कंपनीने हवा कमी करायला सांगितले तर ती कमी करावी. पंप जवळ असला म्हणजे झाले.

कोणत्याही गाडीत सायकल नेण्यापूर्वी तिथला नियम आधी विचारून घ्यावा. नियम ठिकाणानुसार आणि गर्दीच्या वेळेनुसार बदलतात. आणि एक गोष्ट जाहिरातीत ठळक लिहिलेली नसते. पोलादी फ्रेमच्या अशा सायकलीचे वजन ११-१२ किलोग्रॅम असते. म्हणजे पाण्याने भरलेली बादली! ती घेऊन स्टेशनाचा जिना चढून पाहा. म्हणून विकत घेणाऱ्याने ती चालवून पाहावी, तशी उचलूनही पाहावी.

आधी पकड, मग स्वारी

घडीची सायकल वापरणाऱ्याला एक सवय अंगी बाणवावी लागते. नेहमीच्या सायकलीचे सांधे कारखान्यात कायमचे जोडलेले असतात. हिचे सांधे रोज तुम्ही जोडता. गाडीतून उतरल्यावर घाईत पकड अर्धवट आवळली गेली, तर चालत्या सायकलीचे हँडल किंवा फ्रेम सुटू शकते आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून बसण्यापूर्वी दर वेळी चार गोष्टी हाताने तपासाव्यात. मुख्य बिजागरीची पकड घट्ट आहे ना? हँडलाच्या दांड्याची पकड घट्ट आहे ना? सीटचा दांडा त्यावर कोरलेल्या खुणेच्या वर ओढलेला नाही ना? दुमडणारे पायडल पुरते उघडले आहे ना? मग दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. कुठे ‘टक्‌’ असा आवाज आला, तर सांध्यात जागा पडली आहे असे समजावे आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय बसू नये. या तपासणीला अर्धे मिनिटही लागत नाही.

बाकी काळजी साधी आहे. टायरमध्ये पूर्ण हवा ठेवायची. बिजागऱ्यांतली धूळ पुसायची. फ्रेमला सांध्याजवळ चीर दिसते का, तेही अधूनमधून पाहायचे. लहान चाकाची सायकल हँडलाच्या लहानशा हालचालीनेही चटकन वळते. म्हणून पहिले काही दिवस ती मोकळ्या मैदानात चालवावी आणि दोन्ही हात हँडलावर ठेवावेत.

अशी सायकल स्वस्त नाही, आणि खडबडीत, लांब रस्त्यावर मोठ्या चाकाची बरोबरी ती करू शकत नाही. तुमची शाळा घरापासून चार किलोमीटरवर असेल आणि तिथे सायकल ठेवायला जागा असेल, तर तुमची साधी सायकलच अधिक चांगली. घडीची सायकल उपयोगी पडते ती घर लहान असते तिथे, सायकल बाहेर ठेवली तर चोरीला जाण्याची भीती असते तिथे, आणि प्रवासाच्या मध्ये रेल्वे किंवा बस येते तिथे.

आता थोडे काम तुमच्यासाठी. पुठ्ठ्याची दोन चाके, काड्यांची फ्रेम आणि सांध्यांना टाचण्या घेऊन सायकलीचा एक नमुना करा. ती कमीत कमी जागेत मिटली पाहिजे, साखळी आतल्या बाजूला गेली पाहिजे आणि मिटल्यावर गाठोडे आपोआप उलगडता कामा नये. सांधे किती घ्याल? कोणता आधी दुमडाल? एक सांधा वाढवला तर गाठोडे लहान होईल; पण तपासायची जागाही एक वाढेल. नमुना मिटवून त्याचे खोके मोजा, उघडून पुन्हा मोजा आणि एकाला दुसऱ्याने भागा. उत्तर अकराच्या किती जवळ येते, ते पाहा.